गोळेश्वर ते हेलसिंकी, मार्गे कर्जरोखा

आमच्या भोसरीतून परदेशी जाणे आता अगदी सोपे झाले आहे. औद्योगिक वसाहतीतला एखादा पंचविशीचा इंजिनिअर सोमवारी सकाळी कॅन्टीनमध्ये पोहे खाताना दिसतो आणि शुक्रवारी त्याचा जर्मनीतल्या बर्फात उभा असलेला फोटो येतो. त्याला निरोप द्यायला कोणी नाशिक फाट्यापर्यंतसुद्धा जात नाही. त्याची आई तेवढी चिवड्याचा डबा बॅगेत कोंबते आणि तो विमानतळावर वजनात जास्त भरतो. एवढाच काय तो प्रवासातला अडथळा!

पण परदेशी खेळायला जाणे ही गोष्ट अजूनही निराळी आहे. कामाला जाणाऱ्याचे भाडे कंपनी भरते. खेळायला जाणाऱ्याचे भाडे कोण भरणार, हा प्रश्न निवड झाल्याच्या दुसऱ्या दिवशी घरात येऊन बसतो आणि उठायचे नाव घेत नाही. भोसरी हे पैलवानांचे गाव. कारखाने यायच्या आधीपासून इथे तालमी घुमत आल्या आहेत. एखाद्या पोराची बाहेरदेशी निवड झाली, की चौकात अभिनंदनाचा फलक आधी लागतो, पारपत्र मागून येते. फलकावर हात जोडलेली दहा माणसे असतात, खेळाडू कोपऱ्यात एक. त्या दहांपैकी तिकिटाचे पैसे कोणी दिले, हे मात्र फलकावरून कळत नाही. बहुधा ज्याने दिले तो त्यात नसतोच. तो पोराचा बाप असतो.

हे सगळे मनात घोळत होते, म्हणून यंदाच्या दिवाळीत वाचकांना एक जुनी प्रवासकथा सांगावी म्हणतो. यात बोट बुडत नाही, विमान चुकत नाही, सामान हरवत नाही. तरीही इतक्या विघ्नांचा प्रवास मराठी माणसाने क्वचितच केला असेल.

पण त्याआधी थोडे मागे जाऊ. १९२० साली बेल्जममधल्या अँटवर्पच्या ऑलिंपिकला हिंदुस्थानचा संघ गेला, त्याचे मूळ पुण्यातच आहे. आदल्या वर्षी डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींना दोराबजी टाटा अध्यक्ष म्हणून आले होते. मैदानावर अनवाणी धावणारी शेतकऱ्यांची पोरे त्यांनी पाहिली आणि या पोरांना ऑलिंपिकला नेले पाहिजे असे त्यांच्या मनाने घेतले. चार धावपटू आणि दोन पैलवान असा सहा जणांचा संघ ठरला. ५ जून १९२० रोजी ही मंडळी मुंबईहून 'मंटुआ' नावाच्या आगबोटीने निघाली. जूनचा समुद्र कसा असतो, ते कोकणातल्या कोणालाही विचारा. त्या तारखेला आपले कोळी होड्या किनाऱ्याला ओढून ठेवतात, आणि आमचे हे सहा जण तेव्हा घर सोडून समुद्रावर! लंडनला पोचल्यावर तिथे सराव करून मग ते अँटवर्पला गेले. बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. वेळ दोन तास पन्नास मिनिटे पंचेचाळीस सेकंद. आणि त्या वर्षीची मॅरेथॉन नेहमीपेक्षा लांब होती, पावणेत्रेचाळीस किलोमीटरची. पैलवान शिंदे यांचा कुस्तीत चौथा क्रमांक लागला. चौथा! म्हणजे पदक एका कुस्तीवर राहिले.

ते एका कुस्तीवर राहिलेले पदक यायला पुढे बत्तीस वर्षे लागली.

कऱ्हाडजवळ गोळेश्वर नावाचे लहानसे गाव आहे. तिथे १५ जानेवारी १९२६ रोजी खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म झाला. वडील स्वतः पैलवान. शाळा कऱ्हाडची टिळक हायस्कूल, आणि कॉलेज कोल्हापूरचे राजाराम. कोल्हापुरात कुस्ती म्हणजे काय, हे मी सांगायला नको. शाहूमहाराजांनी खासबागेचे मैदान बांधून तिथल्या मातीला जी प्रतिष्ठा दिली, ती अजून उतरलेली नाही. अशा गावात हा मुलगा कॉलेजच्या कुस्तीत नाव द्यायला गेला, तेव्हा खेळाच्या शिक्षकांनी त्याला नकार दिला. का? तर अंगाने किरकोळ दिसतो! साडेपाच फूट उंची, अंगावर मांस बेताचे. पैलवान म्हणजे दरवाजातून आडवा होऊन आत येणारा माणूस, अशी आपली समजूत असते. मुलगा तडक प्राचार्यांकडे गेला. प्राचार्य खर्डेकरांनी त्याचे म्हणणे ऐकून घेतले आणि त्याला उतरू द्या म्हणून सांगितले. तो उतरला आणि त्याच्याहून थोराड गड्यांना चीत करून बाहेर आला.

वाचकहो, हे नाव लक्षात ठेवा. खर्डेकर.

१९४८ साली लंडनला ऑलिंपिक भरले. कोल्हापूरच्या महाराजांनी खर्चाचा भार उचलला आणि खाशाबा निघाले. त्या वेळचे लंडन म्हणजे महायुद्धाने पोळलेले, शिधापत्रिकेवर जगणारे शहर. ज्याचा जन्म दूध-तुपावर गेला त्या पैलवानाने तिथे खाल्ले काय असेल, ही चिंता आमच्या घरी सौ.ला पडली. पण खरी अडचण ताटात नव्हती, पायाखाली होती. आयुष्यभर लाल मातीत खेळलेला हा गडी तिथे प्रथमच गादीवर उभा राहिला.

माती आणि गादी यांतला फरक शहरातल्या वाचकांना सांगितला पाहिजे. आखाड्याची माती चाळून घेतात, तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू मुरवतात. ती पावलाला धरते, अंगाला लागते, घाम शोषते. तिथे घाई नसते. खडाखडी होते, दोघे एकमेकांचा अंदाज घेतात, आणि पाठ लागेल तेव्हाच निकाल. गादीवर सगळे उलटे. पायात बूट, पाय सटकतो, घड्याळ चालू असते आणि पाठ न लागताही गुणांवर माणूस हरतो. आयुष्यभर मोडी लिहिलेल्या कारकुनाला टंकलेखनयंत्रापुढे बसवून आता लिही म्हणावे, तशातला प्रकार! भोसरीत आता गाद्या आल्या आहेत, पण जुन्या वस्तादांना त्या अजून आवडत नाहीत. "त्या रबरावर काय कुस्ती व्हायची?" असे म्हणत ते मातीतच उभे राहतात. त्यांच्या समोरच त्यांचे नातू गादीवर कोलांट्या घेत असतात.

लंडनमध्ये रीस गार्डनर नावाच्या अमेरिकन माजी विजेत्याने खाशाबांना गादीचे शिक्षण दिले. शिक्षण म्हणजे पोहायला येत नसलेल्याला पाण्यात टाकून दिलेले शिक्षण. तरीही ऑस्ट्रेलियाच्या आणि अमेरिकेच्या पैलवानांना पाडून खाशाबा आपल्या वजनगटात सहावे आले. परतल्यावर त्यांनी एकच गोष्ट धरून ठेवली: चार वर्षांनी हेलसिंकी.

आता विघ्नांना सुरुवात होते.

पहिले विघ्न निवडीचे. मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत निरंजन दास यांच्यापेक्षा आपल्याला मुद्दाम एक गुण कमी दिला गेला, अशी खाशाबांची तक्रार होती. एका गुणासाठी हेलसिंकी हुकत होते. आपल्यापैकी कोणीही कपाळाला हात लावून घरी बसला असता. खाशाबांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. महाराज कुस्तीचे शौकीन. त्यांनी दोघांची पुन्हा कुस्ती लावायला सांगितली. ती झाली आणि खाशाबांनी निरंजन दास यांना चीत केले. चीत केल्यावर गुण मोजायचा प्रश्नच उरत नाही. मातीतल्या कुस्तीचा हा एक फायदा आहे खरा.

दुसरे विघ्न पैशाचे. निवड झाली म्हणजे सरकार पाठवते, असे तुम्हाला वाटेल. तसे नव्हते. ज्याचे त्याने जायचे! गोळेश्वरच्या आणि कऱ्हाडच्या लोकांनी वर्गणी काढली. दुकानदारांनी, शेतकऱ्यांनी जमेल तसे दिले. मुंबई सरकारकडे चार हजार रुपये मागितले, तेव्हा मुख्यमंत्री मोरारजी देसाईंकडून ऑलिंपिक झाल्यावर भेटा असे उत्तर आले, असे सांगतात. ऑलिंपिक झाल्यावर! लग्न लागल्यावर अक्षता देतो म्हणण्यासारखेच झाले हे.

आणि इथे प्राचार्य खर्डेकर पुन्हा कथेत येतात. त्यांनी आपले राहते घर गहाण टाकले आणि सात हजार रुपये उभे करून विद्यार्थ्याच्या हाती ठेवले.

सात हजार. १९५२ सालचे. त्या काळी प्राध्यापकाचा पगार शेकड्यांत मोजत, हे लक्षात घ्या म्हणजे आकडा कळेल. मी स्वतः वीस वर्षे कॉलेजात मराठी शिकवतो आहे. गुणी विद्यार्थी मला भेटले नाहीत असे नाही. त्यांना मी पुस्तके दिली, परीक्षेची फी भरली, एकाला तर दोन महिने घरी जेवायला घातले. तेवढ्याने माझ्या मनाला फार बरे वाटत असे. पण घर? मी ही गोष्ट सौ.ला सांगितली. तिचे घराच्या हप्त्याकडे माझ्यापेक्षा बारीक लक्ष असते.

"अहो, त्यांनी घरात विचारलं होतं का?" ती म्हणाली.

"ते काही लिहिलेलं सापडत नाही."

"नसणारच. लिहिणारे पुरुष!" ती चकल्यांचा घाणा काढत होती. थोड्या वेळाने तिने मागे वळून विचारले, "तो हरून आला असता तर?"

मला उत्तर सुचले नाही. कारण मुद्दा तोच होता. कर्ज काढणारा धंद्यासाठी काढतो, लग्नासाठी काढतो, आजारपणासाठी काढतो. त्यात काही हिशेब असतो. इथे हिशेब काय? त्या दिवसापर्यंत स्वतंत्र भारताच्या एकाही खेळाडूने वैयक्तिक पदक आणलेले नव्हते. १९०० साली नॉर्मन प्रिचर्ड यांनी पॅरिसला दोन रौप्यपदके मिळवली होती, पण तो इंग्रजी अमदानीतला इतिहास. म्हणजे ज्या गोष्टीला आधार म्हणून एकही उदाहरण नाही, तिच्यावर एका शिक्षकाने छप्पर लावले. ते घर डोक्यावर घेऊन पोरगा फिनलंडला गेला. गादीवर उतरताना प्रतिस्पर्ध्याचे वजन तर असतेच. याच्या पाठीवर आणखी एका घराचे वजन होते.

हेलसिंकी म्हणजे जवळजवळ जगाचे टोक. जुलैत तिथे रात्री साडेदहापर्यंत उजेड असतो. आपल्याकडे दिवेलागणीला तालीम सुटते. तिथे दिवेलागणच होत नाही! कुस्त्या 'मेसुहाली' नावाच्या प्रदर्शनाच्या दालनात होत्या. खाशाबा या वेळी बँटमवेट म्हणजे सत्तावन्न किलोच्या गटात होते. पहिली कुस्ती कॅनडाच्या पोलिक्विनशी. चौदा मिनिटे पंचवीस सेकंद झुंजून त्यांनी त्याला पाडले. दुसरा मेक्सिकोचा बासुर्तो, तो साडेपाच मिनिटेही टिकला नाही. जर्मनीच्या श्मिट्झलाही त्यांनी हरवले. 'ढाक' हा त्यांचा आवडता डाव. गोऱ्या पैलवानांना तो कुठून येतो हेच कळत नसे.

मग जपानचा शोहाची इशी आला. हा मूळचा ज्यूडो खेळणारा. महायुद्धात हरलेल्या जपानला हेलसिंकीत जे एकुलते एक सुवर्णपदक मिळाले, ते याचेच. म्हणजे घराचे ओझे नसले तरी त्याच्या पाठीवरही काहीतरी होतेच. पंधरा मिनिटे कुस्ती चालली आणि खाशाबा हरले. शरीरात त्राण उरले नव्हते. आणि अशातच पुकारा झाला, की आता रशियाच्या मामेदबेकोव्हशी लढा. दोन कुस्त्यांच्या मध्ये अर्धा तास विश्रांती द्यायची असा नियम होता. पण तो नियम पंचांपुढे मांडायला त्या वेळी तिथे भारतीय पथकाचा एकही अधिकारी हजर नव्हता, असे सांगतात. कुठे गेले होते? शहर पाहायला गेले असतील. परगावी गेलेल्या वऱ्हाडाला नवरदेवापेक्षा बाजाराचे आकर्षण जास्त असते. खाशाबांची इंग्रजी पंचांशी वाद घालण्याइतकी असती तरी दमलेल्या माणसाला वाद सुचतो का? ते उभे राहिले आणि हरले. रशियन अंतिम क्रमांकात दुसरा आला, आणि खाशाबा तिसरे. कांस्यपदक. तारीख २३ जुलै १९५२.

पैशाच्या जोडीने गहाण पडलेल्या घराचा विचार करणारे वाचक इथे विचारतील, अर्धा तास विश्रांती मिळाली असती तर? हा प्रश्न मी विचारत नाही. रात्री झोप लागत नाही.

कोल्हापूरचेच केशव मानगावे त्याच वेळी वरच्या वजनगटात चौथे आले. १९२० च्या शिंद्यांसारखेच, एका कुस्तीवर. त्यांचे नाव आता कोणी घेत नाही, म्हणून इथे घेतले. आणि दुसऱ्याच दिवशी, २४ जुलैला, आपल्या हॉकी संघाने हॉलंडला सहा विरुद्ध एक असे हरवून सुवर्णपदक जिंकले. त्यातले पाच गोल एकट्या बलबीरसिंगांचे. सगळा देश हॉकीच्या आनंदात बुडाला. गोळेश्वरच्या कांस्याला त्या गर्दीत मागची जागा मिळाली.

ती जागा भरून काढली गावाने. खाशाबा परत आले तेव्हा कऱ्हाडपासून गोळेश्वरपर्यंत दीडशेच्या वर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. एरवी पाव तासाचा रस्ता, त्या दिवशी त्याला सात तास लागले. भोसरीच्या माणसाला बैलगाडीचे कौतुक शिकवावे लागत नाही. आमच्याकडे गाड्यांच्या शर्यतीत सेकंदाच्या भागावर भांडणे होतात. पण सगळ्यांत हळू चालून मान मिळवलेल्या गाड्या त्या गोळेश्वरच्याच. हेलसिंकीच्या साऱ्या प्रवासात एवढा एकच उशीर असा झाला, की ज्याची कोणी तक्रार केली नाही.

पुढची हकिकत थोडक्यात सांगतो, कारण ती सांगताना त्रास होतो. १९५६ च्या ऑलिंपिकआधी गुडघा दुखावला आणि मेलबर्न राहिले. १९५५ साली ते पोलीस खात्यात फौजदार म्हणून लागले आणि बावीस वर्षे त्याच हुद्द्यावर राहिले. निवृत्तीच्या तोंडावर सहा महिन्यांपुरते सहायक आयुक्त झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरच्या अपघातात गेले. गोळेश्वरच्या घराला त्यांनी 'ऑलिंपिक निवास' असे नाव दिले होते. अर्जुन पुरस्कार आला तो मरणानंतर सोळा-सतरा वर्षांनी. पुणे विद्यापीठाच्या क्रीडासंकुलाला त्यांचे नाव आहे, आणि अलीकडे त्यांचा जन्मदिवस राज्याचा क्रीडादिन म्हणून पाळतात. भारताला दुसरे वैयक्तिक पदक मिळायला १९९६ साल उजाडावे लागले. ते लिअँडर पेस यांनी टेनिसमध्ये मिळवले. महाराष्ट्राला तर बहात्तर वर्षे थांबावे लागले. २०२४ साली पॅरिसला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी नेमबाजीत कांस्य मिळवले. त्यांचे वडील शिक्षक, आणि मुलाच्या गोळ्यांसाठी त्यांनी कर्ज काढले होते, अशी बातमी त्या वेळी वाचली. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिक्षकांना कर्जाचे हे काय वेड आहे, देव जाणे!

ही गोष्ट मी गेल्या टर्ममध्ये वर्गात सांगितली. तास कवितेचा होता, पण दुपारी साडेतीनच्या तासाला कविता आमच्याकडे कोणाला नको असते. माझे निम्मे विद्यार्थी दुसऱ्या पाळीला कारखान्यात जातात, काही पहाटे तालमीत असतात. इशीची कुस्ती सांगत होतो तेव्हा वर्ग चिडीचूप होता. बैलगाड्यांना हशा आला. संपल्यावर मागच्या बाकावरचा, कान मोडलेला एक मुलगा उभा राहिला. एरवी तो कधी बोलत नाही.

"सर, घर सुटलं का?"

"कोणतं घर?"

"प्राचार्यांचं. गहाण टाकलेलं."

पदकाबद्दल त्याने काहीच विचारले नव्हते. मी सांगितले, की खाशाबा परत आल्यावर सत्कार घेत बसले नाहीत. त्यांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे मैदान भरवले, स्वतः मातीत उतरून कुस्त्या केल्या, आणि जमलेल्या पैशातून आधी खर्डेकर सरांचे घर सोडवले.

"मग बरं झालं," तो म्हणाला, आणि दप्तर उचलून पाळीला निघून गेला.